विश्वचषक नको, पात्रता फेरी मागा

पुण्याला मोठ्या स्पर्धांची हौस आहे आणि त्यात वावगं काहीच नाही. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीत श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल उभं राहिलं. त्याच संकुलात २००८ च्या ऑक्टोबरात राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, पुढच्या वर्षी मुलांची ज्युनियर व्हॉलीबॉल विश्वविजेतेपद स्पर्धा झाली आणि २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई फुटबॉल चषकाचे सामने झाले. त्यामुळे एखादा मंत्री किंवा संघटक ‘पुढचा विश्वचषक पुण्यात’ असं म्हणाला, तरी आता कुणाला नवल वाटत नाही. माझं मागणं त्याहून बरंच लहान आहे. पुण्याने विश्वचषकाचा नाद सोडावा आणि महिला व्हॉलीबॉलची पात्रता स्पर्धा मागून घ्यावी. तीही आशियाच्या मध्य विभागाची, जिच्या बातमीला पेपरात मागच्या पानावर कशीबशी जागा मिळते तीच.

हे ऐकून पहिला प्रश्न येतो, की तिथे बघायला कोण येणार? त्याकडे येतेच. आधी ही असली बिनचमकीची स्पर्धा मागायची कशासाठी, ते पाहू.

जगातल्या पहिल्या दहा-पंधरा संघांना पात्रता स्पर्धा म्हणजे कटकट वाटते. खालच्या संघांसाठी मात्र वर्षातले खरे सामने तेवढेच. आणि नेमक्या याच स्पर्धा गेल्या काही वर्षांत आटत चालल्या आहेत. टोकियो ऑलिंपिकसाठी आशियातल्या एका जागेची स्वतंत्र स्पर्धा जानेवारी २०२० मध्ये थायलंडच्या नाखोन राचासिमा शहरात झाली. पॅरिसच्या वेळी खंडनिहाय स्पर्धा गेल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक क्रमवारीतले चोवीस महिला संघ निंगबो, टोकियो आणि पोलंडमधलं वूच अशा तीन ठिकाणी आठ-आठच्या गटांत खेळले. प्रत्येक गटातून दोन संघ गेले आणि यजमान फ्रान्स सोडून उरलेल्या पाच जागा क्रमवारीवरून भरल्या गेल्या. लॉस एंजेलिस २०२८ साठी तर वेगळी पात्रता स्पर्धाच नाही. बारा जागांपैकी एक यजमान अमेरिकेची, पाच खंडांच्या विजेत्यांच्या, तीन विश्वविजेतेपद स्पर्धेतून आणि तीन क्रमवारीतून.

क्रमवारीचं गणित २०२० पासून प्रत्येक सामन्यागणिक बदलतं. वरच्या संघाला हरवलं की गुण जास्त, खालच्याकडून हरलं की कपात मोठी. ऐकायला न्याय्य वाटतं. पण मुळात सामने कुणाच्या वाट्याला येतात? नेशन्स लीग या वरच्या संघांच्या वार्षिक स्पर्धेत अठरा महिला संघ आहेत, प्रत्येकाला साखळीत बारा सामने मिळतात आणि समोरचे सगळे तगडे. या लीगमध्ये शिरण्यासाठी पूर्वी चॅलेंजर कप नावाची खालची स्पर्धा होती. २०२४ नंतर तीही बंद झाली, आता तिथेही क्रमवारीच बघतात. म्हणजे गुण हवेत तर सामने पाहिजेत, सामने हवेत तर क्रमवारी पाहिजे, आणि क्रमवारी हवी तर गुण पाहिजेत. नोकरीला गेलं की अनुभव मागतात आणि अनुभव कुठून आणायचा तर म्हणे नोकरीतून, तसलाच हा प्रकार.

भारताचा महिला संघ या चक्राच्या बाहेर उभा आहे. ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉल १९६४ ला आलं. तेव्हापासून आपला पुरुष संघही तिथे पोचला नाही आणि महिला संघही नाही. पुरुषांकडे निदान १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धांतलं ब्राँझ आहे, जिमी जॉर्जसारख्या खेळाडूचं नाव आहे. महिलांच्या बाबतीत सांगायला तेवढंही नाही. आपल्या आवाक्यातलं मैदान म्हणजे आशियाचा मध्य विभाग, जिथे इराण, कझाकस्तान, उझबेकिस्तान, किर्गिझस्तान, नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश, मालदीव असे शेजारी-पाजारी आहेत. इराण आणि कझाकस्तान आपल्याला जड. नेपाळ दिवसेंदिवस बरोबरीला येतोय. त्यांनी २०१७ मध्ये व्हॉलीबॉलला राष्ट्रीय खेळच जाहीर करून टाकलं. २०१९ च्या दक्षिण आशियाई स्पर्धांत काठमांडूला सुवर्णपदकाच्या सामन्यात त्यांच्या मुलींनी आपल्या संघाला पाच सेटपर्यंत खेचलं होतं. आपण जिंकलो, पण त्या निकालाने निश्चिंत व्हावं असं काही त्यात नव्हतं. इतका छोटा देश इतकी लढत देतो, तेव्हा घरच्या हॉलमधल्या आरडाओरड्याचा त्यात वाटा किती असतो, हे ज्याने पाचवा सेट जवळून पाहिलाय त्याला सांगावं लागत नाही.

व्हॉलीबॉलमध्ये यजमानपणाचा फायदा जपानइतका कुणीच ओळखला नाही. १९७७ पासून २०१९ पर्यंतचा प्रत्येक महिला विश्वकरंडक जपानमध्येच झाला, आणि त्यातला बराच काळ त्याच स्पर्धेतून ऑलिंपिकच्या जागा मिळत होत्या. २००४, २००८, २०१२, २०१६ या चारही वेळा महिलांची मोठी जागतिक पात्रता स्पर्धाही जपानने भरवली. तिथल्या टीव्ही कंपन्या पैसे मोजतात, हॉल गच्च भरतात, जपानचा सामना संध्याकाळी लोक घरी परतल्यावर लागतो. बाकीच्या संघांनी वर्षानुवर्षं कुरकुर केली. पण पैसा आणि प्रेक्षक दोन्ही तिकडेच, तर स्पर्धा दुसरीकडे नेणार कोण?

मे २०१६ मधला टोकियोतला जपान-थायलंड सामना यासाठी बघण्यासारखा आहे. दोन-दोन सेट झाले होते. पाचव्या सेटमध्ये थायलंड १२-६ ने पुढे. पंधरा गुणांचा सेट, म्हणजे तीन गुण हवे होते. त्या स्पर्धेत खेळाडू बदलायचा असेल तर प्रशिक्षकाने बाजूच्या टॅब्लेटवर बटण दाबून कळवायचं, अशी नवी व्यवस्था होती. थायलंडचे प्रशिक्षक कियात्तिपोंग यांचं म्हणणं, आम्ही बदल मागितला होता. पंच म्हणाले, आलाच नाही. वाद वाढला आणि पंचांनी लाल कार्ड काढलं, तेही दोनदा. व्हॉलीबॉलमध्ये लाल कार्ड म्हणजे समोरच्या संघाला फुकटचा गुण आणि सर्व्हिस. बॉलला हात न लागता जपानचे दोन गुण वाढले, हॉलमध्ये हजारोंच्या घशातून एकच आवाज, आणि थायलंडच्या मुलींचे पास ढासळायला लागले. सेट जपानने १५-१३ ने घेतला. त्या स्पर्धेतून जपान रिओला गेला, थायलंडचं रिओ हुकलं. पंचांनी पक्षपात केला असं मी म्हणत नाही, नियमाने बघितलं तर कार्ड निघू शकत होतं. पण तोच सामना बँकॉकला असता, तर १२-६ नंतर त्या मुलींचे हात थरथरले असते का?

थायलंडने यातून एक धडा आधीच घेतला होता. नाखोन राचासिमा, ज्याला तिथले लोक कोराट म्हणतात, हे बँकॉकपासून सुमारे २५० किलोमीटरवरचं शहर आहे. राजधानी नाही, समुद्रकिनारा नाही, परदेशी पर्यटकांनी मुद्दाम जावं असं फारसं काही नाही. पण तिथला चाटचाई हॉल आशियातल्या महिला व्हॉलीबॉलचा जणू अड्डा झालाय. २०१३ ची आशियाई विजेतेपद स्पर्धा तिथे झाली आणि थायलंड जिंकला. २०२० ची ऑलिंपिक पात्रता स्पर्धा तिथेच. २०२३ ची आशियाई विजेतेपद स्पर्धा पुन्हा तिथे, आणि पुन्हा थायलंड. २०२५ ची बत्तीस संघांची विश्वविजेतेपद स्पर्धा थायलंडला मिळाली, तेव्हा चार शहरांत कोराट होतंच. शहराचा स्वतःचा महिला संघ थाई लीगमध्ये खेळतो. लहान-मध्यम स्पर्धा सातत्याने भरवत ते शहर इथवर आलं. आपण मात्र पहिल्याच उडीत विश्वचषकाच्या गोष्टी करतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०२० च्या त्या पात्रता स्पर्धेत कोराटच्या प्रेक्षकांसमोरच थायलंड अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाकडून सरळ तीन सेटमध्ये हरला. पोटाचा स्नायू दुखावलेला असताना कोरियाची कर्णधार किम येऑन-क्योंग खेळली आणि कोरिया टोकियोला जाऊन चौथा आला. घरचं मैदान म्हणजे विजयाची हमी नव्हे. थायलंडच्या महिलांना आजवर एकदाही ऑलिंपिक गाठता आलेलं नाही. तरीही थायलंडच्या गल्लीतल्या मुलीला व्हॉलीबॉल हा आपला खेळ वाटतो, आणि मला महत्त्वाचं वाटतं ते हे.

आता पुण्याच्या स्वतःच्या अनुभवाकडे येऊ. २००९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये बालेवाडीत मुलांची ज्युनियर विश्वविजेतेपद स्पर्धा भरली तेव्हा पुण्यात स्वाइन फ्लूने धुमाकूळ घातला होता. ३ ऑगस्टला देशातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला. लोक नाकाला रुमाल बांधून फिरत होते, मास्कचा काळाबाजार चालला होता. अशा वातावरणात भारताची पोरं उपांत्य फेरीत गेली आणि चौथी आली. ब्राझीलने क्युबाला हरवून विजेतेपद मिळवलं, अर्जेंटिना तिसरा. जगात चौथं येणं ही भारतीय व्हॉलीबॉलच्या दृष्टीने थोडीथोडकी गोष्ट नव्हे. पण त्या आठवड्यात सगळं गाव साथीच्या बातम्यांत बुडालेलं, आणि साथ ओसरल्यावर त्या संघाची आठवणही ओसरली. त्या स्पर्धेतून पुण्यात व्हॉलीबॉलची एखादी अकादमी, एखादी लीग, निदान एखादी वार्षिक स्पर्धा उभी राहिली असती, तर आज हा लेख लिहावा लागला नसता. मुलींच्या वाट्याला तर त्यातलं काहीच आलं नाही. स्पर्धाच मुलांची होती.

२०२२ चा अनुभव आणखी कडू. महिलांचा आशियाई फुटबॉल चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. तो नावाने चषक असला तरी व्यवहारात पुढच्या वर्षीच्या विश्वचषकाची पात्रता फेरीच होती. चीन आणि जपानचा उपांत्य सामना बालेवाडीला २-२ असा संपून पेनल्टींवर चीनने जिंकला. इतका रंगलेला सामना, आणि कोविडमुळे स्टँड ओस. यजमान भारत त्याआधीच स्पर्धेबाहेर गेला होता. इराणशी पहिला सामना बरोबरीत सुटला आणि दुसऱ्या सामन्याआधी संघात साथ पसरली. तेरा खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत, आणि नियमाप्रमाणे भारताने माघार घेतली असं धरलं गेलं. आपल्याच देशात, आपल्याच खर्चाने भरवलेल्या पात्रता फेरीतून आपण न हरता बाहेर पडलो. दैवाला दोष द्यावा तितका थोडा.

मग तिसरं उदाहरण बघा. एप्रिल २०२५ मध्ये म्हाळुंगे-बालेवाडीच्या टेनिस संकुलात बिली जीन किंग कपची आशिया-ओशेनिया गटाची स्पर्धा झाली. सहा देश, पाच दिवस. विश्वचषकाच्या तुलनेत किरकोळच. पहिल्या दिवशी न्यूझीलंडकडून हरलेला भारतीय संघ नंतरच्या चारही लढती जिंकून दुसरा आला आणि प्लेऑफमध्ये गेला. श्रीवल्ली भमिडिपाटीने पाचही एकेरी सामने जिंकले. महिलांची, छोटी, पात्रतेची स्पर्धा, पुण्यात आणि आपला संघ वर गेलेला. मी मागतेय ते याहून वेगळं काहीच नाही, फक्त खेळ दुसरा.

‘आपण हरणारच, तर खर्च कशाला? त्यापेक्षा तोच पैसा प्रशिक्षकांवर घाला.’ हा आक्षेप मी अनेकदा ऐकलाय, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. यजमानाला पाहुण्या संघांच्या राहण्या-जेवणाचा, शहरातल्या प्रवासाचा भार उचलावा लागतो. त्या पैशात वर्षभर किती प्रशिक्षक ठेवता येतील, असा हिशेब कुणी मांडला तर चूक नाही. माझं उत्तर असं, की हा हिशेब आपण फक्त छोट्या स्पर्धांच्या वेळी मांडतो. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत आली, तेव्हा शहर-जिल्ह्यातले रस्ते नव्याने डांबरी झाले. वर्षानुवर्षं अर्ज करूनही न बुजलेले खड्डे बुजले आणि कुणी विचारलं नाही की हाच पैसा शाळांच्या मैदानांवर का नाही. शिवाय प्रशिक्षक नेमून काम भागत नाही. ज्या मुलीने आपल्या देशाची एकही व्हॉलीबॉलपटू प्रत्यक्ष खेळताना पाहिलेली नाही, तिला संध्याकाळी क्लास सोडून मैदानावर आण, असं तिच्या आईला कोणत्या तोंडाने सांगायचं?

यजमानपदाचं एक आडवळणाचं आमिषही लवकरच समोर येणार आहे. भारताला २०३६ चं ऑलिंपिक हवंय, त्यासाठी अहमदाबादची तयारी चाललीय. ते मिळालं, तर व्हॉलीबॉलमधली यजमानाची जागा आपल्या महिला संघाला न खेळता मिळू शकेल. तेव्हा कशाला त्या मध्य आशियाच्या स्पर्धांमागे धावायचं, असं कुणी म्हणेल. त्याने २०१२ च्या लंडनकडे बघावं. ब्रिटनच्या महिलांना यजमान म्हणून अशीच जागा मिळाली होती. स्पर्धेच्या दोन वर्षं आधीच सरकारी पैसा आटला, तेव्हा त्या मुलींनी सायकल चालवून वर्गणी गोळा केली. ऑलिंपिकमध्ये त्यांनी अल्जीरियाला पाच सेटमध्ये हरवलं, बाकी सामने गमावले, आणि खेळ संपल्याबरोबर उरलासुरला निधीही बंद झाला. पॅरिसमध्ये यजमान फ्रान्सचा महिला संघ गटातले तिन्ही सामने हरला. दाराशी वाट न बघता आत गेलेल्या संघांचं हे असं होतं. २०३६ ला पंचवीस वर्षांची असणारी मुलगी आज पंधरा-सोळाची आहे. ती आत्ता कुठे खेळते, ते आधी बघू.

शहराच्या मध्यभागातल्या एका शाळेच्या मैदानावर मी अधूनमधून संध्याकाळी जाते. नेटच्या खांबांवर दोन-दोन हूक आहेत. वरचा मुलांच्या उंचीचा, म्हणजे दोन मीटर त्रेचाळीस सेंटिमीटर, खालचा मुलींचा, दोन मीटर चोवीस. एका खांबावरचा खालचा हूक गंजून तुटलाय. त्यामुळे मुलांची प्रॅक्टिस संपली की नेट आहे तिथेच राहते आणि मुली मुलांच्या नेटवर खेळतात. एकोणीस सेंटिमीटर म्हणजे जेमतेम वीतभर, त्याने काय बिघडतं, असं वाटेल. बिघडतं ते असं: मुलगी उडी मारते, पण बॉल नेटच्या वरून खाली मारण्याइतकी उंची तिला मिळत नाही. मग ती तो उंच कमानीत टोलवायला शिकते. स्मॅश असा नाहीच. ब्लॉकला हात नेटच्या वर येत नाहीत, म्हणून ब्लॉक कुणी शिकवतच नाही. लिफ्टर, म्हणजे स्मॅशसाठी बॉल उचलून देणाऱ्या मुलीला बॉल नेटपासून लांब ठेवायची सवय लागते, कारण जवळ ठेवला तर तो मारणार कोण? ही मुलगी जिल्ह्याच्या, मग विभागाच्या स्पर्धेला जाते, तिथे नेट योग्य उंचीवर असते, आणि तिच्या हाताला लागलेलं सगळं गणित चुकतं. एका हुकाची किंमत ती काय! मी तिथल्या सरांना विचारलं तर ते हसून म्हणाले, वेल्डिंगवाला बोलावलाय, येईल. ते बोलून दिवाळी गेली.

आणि हा शहरातला प्रकार. गावाकडे तर संध्याकाळी चावडीजवळच्या मोकळ्या जागेत शूटिंग व्हॉलीबॉलचे डाव रंगतात, पैजा लागतात, पंचक्रोशीतले संघ येतात. तिथे मुली कडेला उभ्या राहूनही फार वेळ बघत नाहीत. कबड्डी-खोखोमध्ये महाराष्ट्राच्या मुलींनी जे कमावलं ते व्हॉलीबॉलमध्ये का नाही, याचं निम्मं उत्तर या मोकळ्या जागांत सापडेल.

म्हणून स्पर्धा मागायची तर अटी घालून मागावी. खालच्या स्टँडमधल्या जागा शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या शाळांच्या मुलींना, फुकट. हडपसर-कात्रजहून बालेवाडीला पोचायला दोन बस बदलाव्या लागतात, तेव्हा पीएमपीच्या गाड्या शाळेच्या दारातून सुटल्या पाहिजेत आणि रात्रीच्या सामन्यानंतर दारातच सोडल्या पाहिजेत. एरवी आईबाप पाठवणार नाहीत, आणि त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. सकाळच्या सरावाला क्लबांच्या मुलींना हॉलमध्ये बसू द्यावं. सामन्यापेक्षा सरावात जास्त शिकायला मिळतं. कझाकस्तानची लिबेरो, म्हणजे फक्त बचावाला खेळणारी मुलगी, पाय कसे ठेवते, इराणच्या मुली डोक्यावर स्कार्फ बांधून त्याच वेगाने डाइव्ह कशा मारतात, हे चौदा वर्षांच्या मुलीने पंधरा फुटांवरून एकदा बघितलं की तिला पुढचं वर्षभर पुरतं. आणि स्पर्धेनंतर ते नेट, ते खांब, ते बॉल पुन्हा गोदामात न टाकता शाळांना वाटून द्यावेत. हुकांसकट.

खरा तिढा मात्र पुढचा आहे. बारावीनंतर या मुलीने खेळायचं कशाच्या भरवशावर? पुरुषांसाठी २०१९ मध्ये प्रो लीग आली, २०२२ पासून प्राइम व्हॉलीबॉल लीग चालू आहे. महिलांसाठी यातलं काहीही नाही. देशात महिला व्हॉलीबॉल टिकून आहे ते मुख्यतः रेल्वेच्या आणि केरळातल्या पोलीस, वीज मंडळासारख्या खात्यांच्या नोकऱ्यांवर. राष्ट्रीय स्पर्धेत महिलांची चुरस वर्षानुवर्षं केरळ आणि रेल्वे यांच्यातच का असते, हे त्यातून कळतं. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुणही आहेत. गुण पदरात पडले की मात्र बहुतेक मुलींचा खेळ तिथेच सुटतो, कारण पुढे नोकरीपर्यंतचा रस्ता कुणी दाखवत नाही.

जगात हा खेळ महिलांनी कारखान्यांच्या आणि बँकांच्या आधाराने मोठा केलाय. १९६४ ला टोकियोत सोव्हिएत संघाला हरवून सुवर्ण जिंकणाऱ्या जपानी संघातल्या बहुतेक मुली निचिबो कंपनीच्या कापड गिरणीत कामाला होत्या. दिवसभर काम, मग रात्री उशिरापर्यंत सराव. त्या सरावाची आज कुणी भलामण करू नये, पण पगार गिरणी देत होती हे विसरता येत नाही. आज तुर्कस्तानची व्हाकिफबँक ही बँक आणि एजाझिबाशी हा औषधांतून उभा राहिलेला उद्योगसमूह, दोघांचे महिला संघ युरोपात दबदबा राखून आहेत. २०२३ ला तुर्कस्तानने नेशन्स लीग आणि युरोपचं विजेतेपद दोन्ही घेतलं ते या पायावर. पुण्यात बँक ऑफ महाराष्ट्रचं मुख्यालय आहे, जगाला लस पुरवणारा कारखाना आहे, चाकण-पिंपरीत मोटारी आणि दुचाक्या बनवणाऱ्या कंपन्यांची रांग आहे. बारा-चौदा मुलींना नोकरी आणि एक प्रशिक्षक, एवढा संघ यातल्या कुणालाही जड नाही. पण त्यांना बघायला काहीतरी लागेल. हॉलमध्ये चार हजार मुली ओरडतायत, हे त्यांच्या अधिकाऱ्यांनी एकदा समोर बसून पाहिलं, तर पुढचं बोलणं सोपं होईल.

अडचण आणखी एक आहे आणि ती झाकून चालणार नाही. यजमानपद राष्ट्रीय संघटनेच्या मार्फतच मागावं लागतं, आणि भारतीय व्हॉलीबॉल संघटनेचा इतिहास भांडणांचा आहे. २०१६ च्या अखेरीला जागतिक संघटनेने तिला निलंबितही केलं होतं. दोन गट, दोन निवड चाचण्या, कोर्टाच्या तारखा, आणि मध्ये लटकलेल्या खेळाडू. उद्या पुण्याला स्पर्धा मिळाली आणि ऐन वेळी संघ कुणी निवडायचा यावरून वाद झाला, तर २०२२ पेक्षा मोठी नामुष्की होईल, आणि तेव्हा विषाणूवर खापर फोडता येणार नाही. म्हणून राज्य सरकारने हमीपत्र देताना संघनिवड किमान तीन महिने आधी जाहीर व्हावी, सराव शिबिर पुण्यातच व्हावं, एवढं लिहून घ्यावं. पैसा देणाऱ्याला तेवढा अधिकार असतो.

तारखांचंही बघायला हवं. फेब्रुवारी-मार्चमध्ये स्पर्धा घेतली तर दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे एकही मुलगी हॉलकडे फिरकणार नाही. मे महिन्यात शाळा बंद, अर्धं पुणे गावी. पावसाळ्यात हॉलच्या आत काही अडत नाही, पण जिल्ह्यातून मुली आणायच्या तर घाटातला आणि धरणाकाठचा प्रवास नको. उरतो तो दिवाळीनंतरचा, नोव्हेंबर-डिसेंबरचा काळ. सहामाही संपलेली असते, शालेय क्रीडा स्पर्धा चालू असतात, आणि मुलींच्या पायात बूट आधीच असतात. आशियाई संघटनेकडे अर्ज करायचा तर तो काळ डोळ्यांसमोर ठेवून करावा, आणि बालेवाडीचा हॉल त्या पंधरवड्यात प्रदर्शनाला, संमेलनाला किंवा कुणाच्या लग्नाला आधीच देऊन ठेवू नये.